राखीव नमुना

"गोळ्या चुकवल्यास ना?" असं मी माझ्या भावाला विचारलं, तेव्हा त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं जाऊन जेमतेम सहा तास झाले होते. विचारलं असं म्हणायचं आपलं; फोनवरून दरडावलं. मग ज्योत्स्नाने, त्याच्या बायकोने, फोन घेतला आणि म्हणाली, "दुकानात यांचा बिस्किटांचा डबा सापडला ताई. पाच अख्ख्या स्ट्रिपा आहेत त्यात. एक गोळी फोडलेली नाही. काय समजायचं आम्ही?"

मीही तेच समजले. डॉक्टरही तेच समजले. अपस्माराचा पेशंट, अकरा वर्षांत एकही फिट नाही, मग माणूस निर्धास्त होतो आणि गोळ्या टाळायला लागतो. डॉक्टरांना असे पेशंट रोज भेटत असणार. त्यांनी केसपेपरवर लिहून टाकलं, 'औषधात हयगय', आणि त्याच गोळीचा डोस दुप्पट केला.

हे सगळं मी रागात लिहिते आहे, ते आधीच सांगून टाकते. "शांत झालीस की लिही," असं माझी मुलगी भाविका म्हणाली होती. पण शांत डोक्याने लिहिलेले अहवाल आम्ही दोघींनी आयुष्यात भरपूर लिहिलेत. हा सगळा घोळ त्या शांत अहवालांनीच केला.

मी चारुशीला झोपे. पुण्याजवळच्या एका औषध कंपनीत अठ्ठावीस वर्षं मी एकच काम केलं, वाट बघण्याचं. थट्टा नाही, त्याचाच पगार घेतला. नवी गोळी तयार झाली की ती माझ्याकडे यायची. माझ्याकडे कपाटाएवढी चेंबर होती. एकात चाळीस डिग्री आणि घामट हवा, एकात तीस डिग्री. गोळ्या आत ठेवायच्या आणि तीन महिन्यांनी काढून बघायच्या, सहा महिन्यांनी बघायच्या, वर्षाने, दोन वर्षांनी. रंग बदलला का, विरघळते का, आतलं औषध तेच राहिलं का. शिवाय प्रत्येक लॉटमधल्या काही गोळ्या मुदत संपेपर्यंत बाजूला ठेवायच्या. त्यांना आम्ही राखीव नमुना म्हणतो. उद्या कुणी तक्रार केली, तर तोच साक्षीदार.

ही सवय घरातही घुसली होती. दर वर्षीच्या तिखटाची, मसाल्याची, लोणच्याची एक छोटी बाटली तारीख घालून माझ्या फडताळात असतेच. माझा भाऊ ललित भुसावळला कूलर बनवतो. तो आला की त्या बाटल्यांपुढे उभा राहून हसायचा. "ताई, लग्नातला एखादा लाडू ठेवला का राखीव? दाजी आता पहिल्यासारखे गोड नाही राह्यले, तपासून पाहू." मी म्हणायचे, हस बाबा, पण तुझ्या पत्र्याच्या प्रत्येक लॉटचा एक तुकडा बाजूला ठेवत जा, गिऱ्हाईक भांडायला आलं की कामाला येईल. तो ठेवायला लागला. एकदा खरंच कामालाही आलं.

मग आमच्याकडे मशीन आलं.

नवीन नियम झाला होता. गोळी दोन वर्षं टिकेल हे संगणकाने दाखवून दिलं, तर प्रत्यक्ष दोन वर्षं थांबायची गरज नाही. परवाना मिळेल, विक्री सुरू करता येईल. पेशंटना औषध लवकर मिळावं हा हेतू, आणि हेतू वाईट नव्हता. मशीनवर काम करणाऱ्या आठ जणांत भाविका होती. माझ्याच कंपनीत, माझ्या वरच्या मजल्यावर. मुलगी वर गेली म्हणून मी फुलून गेले होते, हेही कबूल करते.

ती मला समजावून सांगायची, त्यातलं जेवढं कळलं तेवढं सांगते. संगणकात एक पेटी कल्पायची. त्या पेटीत औषधाचे रेणू भरायचे, चाळीस-पन्नास हजार अणू. प्रत्येक अणूला बाकीचे किती जोराने ओढतात, ढकलतात, ते मोजायचं आणि त्या हिशेबाने सगळ्यांना किंचित पुढे सरकवायचं. मग पुन्हा मोजायचं, पुन्हा सरकवायचं. पण अणू सतत थरथरत असतात, त्यामुळे पाऊल फार मोठं टाकलं तर सगळं गणित कोलमडतं. एका सेकंदाचे एक लाख कोटी तुकडे करा, त्यातल्या एका तुकड्याचे पुन्हा हजार. त्यातले दोन म्हणजे एक पाऊल.

"मग एक सेकंद व्हायला किती वेळ?" मी विचारलं होतं.

"आमचं मशीन दिवसभरात एक मिलिसेकंद चालतं. जगात याहून वेगवान फार नाहीत, आई."

मी कागद ओढला. एका सेकंदाला हजार दिवस. माझ्या चेंबरमधली दोन वर्षं त्या पेटीत पुरी करायची, तर सतरा कोटी वर्षं लागली असती. मी तो आकडा तिला दाखवला आणि दोघी पोट धरून हसलो. तेव्हा हसायला येत होतं.

सतरा कोटी वर्षं कुणाकडे नसतात, म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. तिला ते 'झेप' म्हणत. एकाच पेटीच्या चाळीस प्रती करायच्या, प्रत्येक थोडा वेळ चालवायची. रेणू कोणकोणत्या पद्धतीने बसतात आणि एका बैठकीतून दुसरीत किती वेळा जातात, ते प्रोग्रॅम त्यातून शिकतो. एकदा शिकला की मधली पावलं गाळून तो थेट महिने, वर्षं ओलांडतो. हुशारीचंच काम आहे, मी नाव ठेवत नाही. एकच गोम आहे. झेप फक्त पाहिलेल्या जागी घेता येते. जी बैठक चाळीसपैकी एकाही प्रतीत दिसली नाही, ती प्रोग्रॅमच्या लेखी जगातच नाही.

त्यांच्याकडे एक प्रथाही होती. पेटीतली ऊर्जा पडद्यावर रेघेने दिसायची. सुरुवातीला वरखाली होणारी रेघ हळूहळू सपाट व्हायची. ती तीन दिवस सपाट राहिली की रन, म्हणजे पेटीची ती फेरी, थांबवायचा आणि मजल्यावर पेढे वाटायचे. मशीनसाठी रांग असायची, पुढच्या औषधाचे लोक डोक्यावर उभे असायचे. रेघ सपाट आहे ती सगळं स्थिरावलं म्हणून, की अजून काही घडलंच नाही म्हणून, हा प्रश्न पेढा तोंडात असताना कुणी विचारला नाही. मीही दोन पेढे खाल्ले. निरावेगचे.

निरावेग ही अपस्मारावरची नवी गोळी. तिच्यातलं औषध स्फटिकाच्या रूपात पाण्यात विरघळतच नाही, म्हणून ते अस्ताव्यस्त रूपात ठेवलेलं. रेणू कुठल्याही रांगेत नाहीत, काचेत असतात तसे विस्कटलेले. तसं असलं की पोटात लगेच विरघळतं. अशा औषधाची एकच भीती असते. रेणूंना कधीतरी रांगेत बसायची बुद्धी होते. मग गोळी दिसायला तीच राहते, पण पोटात जाऊन तशीच बाहेर पडते. झेपने सांगितलं, दोन वर्षं असं काही होणार नाही. निरावेगचे माझे नमुने तेव्हा चेंबरमध्ये तिसऱ्या महिन्यात होते आणि ठणठणीत होते. मजल्यावरचे प्रमुख डॉ. रायरीकर खाली आले आणि म्हणाले, "मॅडम, आता ही कपाटं कशाला तापवायची? विजेचा खर्च बघा." लेखी आदेश आला. मी बटणं बंद केली. भांडले नाही. 'आदेशानुसार चाचणी समाप्त' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

ललितच्या जुन्या गोळीने त्याच्या हिरड्या सुजायच्या आणि दिवसभर झापड यायची. भाविका त्याला म्हणाली, "मामा, आता माझी गोळी घे." माझी गोळी! त्याने डॉक्टरांना विचारून बदलली. हिरड्या उतरल्या, झापड गेली. सिझनला दिवसाला तीन कूलर व्हायला लागले. सव्वा वर्ष छान गेलं. मग एप्रिलमध्ये एका सकाळी, पत्रा कापायचं मशीन चालू असताना त्याला फिट आली.

मी भुसावळला पोचले ती तिसऱ्या दिवशी दुपारी. पारा त्रेचाळीसला होता. ललित हॉस्पिटलमधून घरी आला होता आणि पुढच्या खोलीत हाताला बँडेज बांधून बसला होता. ज्योत्स्नाने माझ्यासमोर त्याच्या उजव्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या, पाणी दिलं आणि म्हणाली, "तोंड उघडा."

त्याने तोंड उघडलं.

"जीभ वर करा."

त्याने जीभ वर केली. पन्नाशीला आलेला माणूस. तिने आत बघितलं, ग्लास उचलला आणि आत गेली. ती वाईट बाई नाही. सहा तास रक्ताने माखलेल्या कपड्यांत हॉस्पिटलच्या बाकावर बसली होती. ती घाबरली होती, आणि घाबरायला तिला मीच मदत केली होती.

"तू तरी विचारशील वाटलं होतं ताई," ललित म्हणाला. आवाज चढवला नाही. "फोनवर मले वाटलं, ताई विचारीन, कसला डबा, काहून ठेवला. तूच विचारशील. तुले तर माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

त्याने पलंगाखालून डबा पायानेच पुढे सरकवला. मी झाकण काढलं. पाच स्ट्रिपा होत्या. प्रत्येकीवर पत्र्यावर खुणा करायच्या मार्करने, ठसठशीत अक्षरात तारीख घातलेली होती. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी. आणि तारखेखाली प्रत्येकीवर लिहिलं होतं, 'राखीव'.

"दर तीन महिन्याले माल आणतो. दरवेळी एक स्ट्रिप जास्तीची घेतो. लॉटमधली एक बाजूले ठेवायची, तूच सांगतलं ना?" तो म्हणाला. "हिले सांगून पाह्यलं, डॉक्टरले सांगून पाह्यलं. ते म्हणे, असं कोण करतं?"

असं कोण करतं! मी करते. अठ्ठावीस वर्षं करते आहे. आणि पाच अख्ख्या स्ट्रिपा म्हटल्यावर, त्यांच्यावर तारखा आहेत का, एवढा एक प्रश्न मला सुचला नाही. मला स्वतःच्याच कानाखाली मारावीशी वाटली. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "चहा घे."

डबा दुकानात असायचा, पत्र्याच्या छपराखाली, मशीनच्या मागच्या फळीवर. मी दुकानात जाऊन त्या फळीला हात लावून बघितला. माझं चेंबर याहून थंड होतं.

त्याच दुपारी मी ज्योत्स्नाच्या स्वयंपाकघरात दोन ग्लास घेतले. एकात तिथल्या मेडिकलमधून आणलेली अगदी ताज्या तारखेची गोळी टाकली, दुसऱ्यात डब्यातली सर्वांत जुनी. दोन्ही फुटल्या. ताज्या गोळीचं पाणी ढवळल्यावर थोडं गढूळ झालं, तळाशी जवळजवळ काही नाही. जुनीच्या ग्लासात तळाशी पांढरा रवा बसला. मी ढवळत राहिले, तो फिरत राहिला आणि चमचा थांबला की पुन्हा खाली बसला. हा काही पुरावा नव्हे. पण हात ओळखतो.

पुण्यात आल्यावर सोनटक्क्यांनी जेवणाच्या सुट्टीत त्या गोळ्या एक्स-रेखाली घातल्या. सोनटक्के माझ्याइतकेच जुने आहेत आणि माझ्याहून कमी बोलतात. विस्कटलेल्या औषधाचा आलेख नुसता पसरट फुगवटा येतो. रेणू रांगेत बसलेले असले की टोकदार शिखरं येतात. पहिल्या तीन स्ट्रिपांत शिखरंच शिखरं होती. चौथी अर्धी बदललेली. आणि पाचवी, जिच्यासोबतच्या स्ट्रिपा ललित एप्रिलमध्ये खात होता, तीही अर्ध्याच्या वर बदललेली. आधी त्याला मेडिकलमध्ये ताजा माल मिळायचा, बिघडायच्या आत पोटात जायचा. यावेळी दुकानदाराने जुना लॉट दिला होता, एवढाच फरक.

"ही शिखरं कुठल्याच माहीत असलेल्या रूपाची नाहीत," सोनटक्के म्हणाले. "नवीनच काहीतरी बसलंय."

मी तिथूनच भुसावळच्या डॉक्टरांना फोन लावला. ते सभ्यपणे म्हणाले, "कंपनीचं पत्र आणा, मी लगेच बदलतो. आता सध्या डोस दुप्पट आहेच." म्हणजे न विरघळणारी गोळी दुप्पट! मी ज्योत्स्नाला सांगितलं, जुनं औषध सुरू कर. ती म्हणाली, "ताई, तुम्हीच म्हणालात ते गोळ्या चुकवतात. आता तुम्हीच सांगता गोळी बदला. डॉक्टरांच्या सहीशिवाय मी काही करणार नाही. पुन्हा फिट आली तर मी कुणाला विचारू?" तिचं बरोबरच होतं. म्हणून तर माझा तळतळाट झाला. दर दिवशी दोन वेळा तो माणूस तोंड उघडून जीभ वर करत होता, आणि आत काहीही जात नव्हतं.

रविवारी दुपारी मी भाविकाच्या फ्लॅटवर गेले आणि आलेख तिच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला.

ती बघत राहिली. मग हात धुऊन तिने लॅपटॉप उघडला. बराच वेळ काहीतरी शोधत होती. पडद्यावर रेघा आल्या, चाळीस. एकोणचाळीस सपाट होत्या. एक मध्येच, पायरीवरून पाय घसरावा तशी खाली गेली होती.

"तेवीस नंबर," ती म्हणाली. "हा मी टाकून दिला होता."

"टाकून म्हणजे?"

"आई, पेटीला भिंती नसतात. उजवीकडून बाहेर पडलेला रेणू डावीकडून आत येतो, म्हणजे थोड्याच अणूंमध्ये अमर्याद पदार्थ असल्याचा भास होतो. पण पेटीत एखादी रचना वाढत वाढत पेटीएवढी झाली, तर ती पलीकडून येऊन स्वतःलाच चिकटते. आपलाच हात धरून उभी राहिल्यासारखी. मग ती खोटी टिकते. असा रन आला की खोटा समजून टाकायचा, हा नियम आहे. सगळीकडे आहे. तेवीसमध्ये रेणू रांगेत बसायला लागले आणि रांग पेटीच्या कडेला पोचली. मी टाकला."

"आणि ती रांग खोटी होती का खरी, ते कसं कळतं?"

"पेटी मोठी करून."

"केलीस?"

"प्रत्येक बाजू दुप्पट केली की अणू आठपट होतात. एक महिन्याचं काम आठ महिन्यांवर जातं. मी रायरीकर सरांकडे मागितलं होतं, आई. खरंच मागितलं होतं. ते म्हणाले, चाळीसपैकी एक, तोही नियमाने बाद. आठ महिने मशीन कोण देणार?" तिचा आवाज फाटला. "मग मी गप्प बसले. नंतर पेढे आले."

तिने तेवीस नंबरची शेवटची स्थिती उघडली. अणू कुठे आहेत ते माहीत असलं की एक्स-रेची शिखरं कुठे येतील हे गणिताने काढता येतं, दोन मिनिटांचं काम. ती दोन मिनिटं मी उभी होते. मग तिने तिचा आलेख माझ्या आलेखावर ठेवला. सात शिखरं होती. सातही जागच्या जागी बसली.

मशीनला दिसलं होतं! हेच मला आजही सहन होत नाही. सतरा कोटी वर्षांचं अंतर असूनही, चाळीसात एकदा का होईना, त्या गणितात सत्य येऊन उभं राहिलं होतं. आणि माणसांनी नियमावर बोट ठेवून ते केरात टाकलं.

"मामाला मी म्हटलं होतं, माझी गोळी घे," भाविका म्हणाली.

मी तिला जवळ घेतलं नाही. आई म्हणून घ्यायला हवं होतं. मी म्हणाले, "तू रन टाकलास, मी चेंबर बंद केलं. उद्या दहा वाजता रायरीकर."

डॉ. रायरीकरांनी दोन्ही आलेख नीट पाहिले. मूर्ख माणूस नाही तो. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, त्यांना कळलं होतं.

"या गोळ्या ठेवल्या कुठे होत्या?" त्यांनी विचारलं.

"भुसावळला. दुकानात."

"पत्र्याच्या?"

"पत्र्याच्या."

त्यांनी ड्रॉवरमधून निरावेगचं खोकं काढलं आणि त्यावरची ओळ मला वाचून दाखवली. "पंचवीस अंशांखाली, थंड व कोरड्या जागी ठेवावे. मॅडम, हे तुम्हाला मी सांगायचं का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भुसावळमध्ये एप्रिलात पंचवीस अंश कुठे असतं, दाखवा मला. ट्रकमध्ये असतं? मेडिकलवाल्याच्या माळ्यावर असतं? ही ओळ पेशंटसाठी नाही छापलेली सर, तुमच्यासाठी छापली आहे. माझी चेंबर चाळीस डिग्रीला कशासाठी तापत होती? लोक जिथे राहतात तिथे गोळी ठेवून बघायला! ती तुम्ही बंद केलीत."

"बंद तुम्ही केलीत. सही तुमची आहे," ते म्हणाले. खरं होतं. "हे बघा, मी नाही म्हणत नाहीये. मोठ्या पेटीत पुन्हा चालवू. तेवीस नंबर खरा निघाला तर माल परत मागवू."

"किती दिवस?" भाविकाने विचारलं.

"आठ महिने. तुलाच माहीत आहे."

"गोळी इथे टेबलावर आहे सर. ती बदललेली आहे. ती बदलू शकते का, हे आता मशीनला विचारायचं?"

"परवाना मशीनच्या अहवालावर आहे. एका डब्यावर तो रद्द होत नाही."

भाविका उठली. मला वाटलं रडायला बाहेर चालली. ती शेजारच्या टेबलावर बसली, आणि रायरीकर माझ्याशी बोलत असताना तिने पत्र लिहिलं. एक परवाना देणाऱ्या खात्याला, तेच भुसावळच्या डॉक्टरांना. मी ते वाचलं. कुठे 'असे निदर्शनास आले' नव्हतं, कुठे 'त्रुटी राहून गेली' नव्हतं. 'तेवीस क्रमांकाचा रन मी टाकून दिला. तो खरा होता. निरावेग उष्णतेत निकामी होते. पेशंटनी गोळ्या चुकवल्या असं समजू नका.' खाली तिचं पूर्ण नाव. त्याखाली मी लिहिलं, 'चाचणी तिसऱ्या महिन्यात मी बंद केली,' आणि सही केली.

"हे पाठवलंस तर या क्षेत्रात तुला कुणी उभं करणार नाही," रायरीकर तिला म्हणाले. धमकी नव्हती, काळजीने म्हणाले. मला त्या काळजीचाच जास्त संताप आला.

तिने पत्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवलं, मला आठवड्याने. खात्याने अठराव्या दिवशी विक्री थांबवली. डॉक्टरांनी मात्र पत्र मिळाल्याच्या तासाभरात ललितची गोळी बदलली, आणि त्यांच्याकडच्या आणखी चार पेशंटांची. त्या चौघांच्याही केसपेपरवर तेच दोन शब्द होते. त्यातली एक बारावीतली मुलगी होती. गोळ्या फेकते म्हणून तिच्या बापाने तिला मारलं होतं.

जूनमध्ये आम्ही दोघी भुसावळला गेलो. भाविका मामाच्या समोर खुर्चीवर बसलीच नाही. सगळ्यांसमोर, ज्योत्स्ना, तिची जाऊ, शेजारचे दोघे, उभ्याउभ्या म्हणाली, "मामांनी एकही गोळी चुकवली नव्हती. चूक माझी होती." मग सगळं सांगितलं, पेटी, झेप, तेवीस नंबर, सतरा कोटी वर्षं. लोकांना किती कळलं कोण जाणे. ललितने नीट ऐकलं.

"म्हणजे तुह्या मशीनले या डब्यापर्यंत यायले सतरा कोटी वर्षं लागली असती?"

"हो मामा."

"मले सव्वा वर्ष लागलं," तो म्हणाला. "अन् तीन बोटं."

भाविकाने मान खाली घातली. त्याने तिला 'जाऊ दे पोरी' म्हटलं नाही, आणि मलाही ते म्हणावंसं वाटलं नाही. बसायला मात्र सांगितलं.

संध्याकाळची गोळी घ्यायची वेळ झाली. ज्योत्स्नाने जुन्या औषधाची गोळी आणि पाणी आणलं. ललितने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायला, आणि ग्लास तिच्या हातात देऊन, आमच्याशी काहीतरी बोलायच्या आधी, सवयीने तोंड उघडलं. जीभ वर केली. तिने बघावं म्हणून तसाच थांबला.

"मिटा हो," ज्योत्स्ना म्हणाली. "मिटा ते तोंड." आणि ग्लास हातात धरून ती तिथेच खाली बसली.